वाचकांचे प्रश्न : खेकड्यांपासून आमिष कसे राखावे?

प्रश्न : मी किनाऱ्यावरून रॉड आणि रीळ वापरून मासे गरवतो. आमिष तळाला ठेवले की दहा-पंधरा मिनिटांत गळ रिकामा वर येतो. मधल्या वेळात काठीचे टोक नुसते थरथरत राहते, पण ओढ म्हणावी अशी लागत नाही. अंधार पडल्यावर हा त्रास दुप्पट होतो. हे काम खेकड्यांचेच असावे का, आणि असल्यास त्यावर उपाय कोणता?

उत्तर : आपण सांगितलेली लक्षणे खेकड्यांचीच आहेत. मासा आमिष उचलतो तेव्हा काठीला ठोका बसतो किंवा दोरी एकदम ढिली पडते. खेकडा मात्र आमिषावर बसून डेंग्यांनी त्याचे बारीक तुकडे तोडत राहतो, म्हणून टोक सलग आणि हलके थरथरते. खात्री करून घ्यायची असेल, तर गळ वर काढल्यावर त्याच्याजवळची वीतभर तंगूस (नायलॉनची दोरी) दोन बोटांत धरून हळू ओढून पाहावी. ती खरखरीत लागली, तिच्यावर चरे दिसले किंवा तिला विनाकारण पीळ पडलेला असला, तर खेकडा येऊन गेला असे समजावे. तेवढा भाग कापून गळ पुन्हा बांधावा. एरवी चांगला मासा लागल्यावर दोरी नेमकी तिथेच तुटते.

खेकडा आमिषापर्यंत पोहोचतो तो मुख्यतः वासाच्या मागावर. त्याच्या डोळ्यांजवळच्या आखूड स्पर्शिका पाण्यात विरघळलेला वास टिपतात, पायांच्या टोकांनाही चव कळते, आणि वास ज्या दिशेने वाहत येतो तिच्या उलट चालत तो आमिष गाठतो. त्याला उजेडाची गरज नसते, आणि अनेक जातींचे खेकडे रात्रीच अधिक फिरतात, म्हणून आपला त्रास अंधारात वाढतो. आता अडचण अशी की ज्या वासावर खेकडा येतो त्याच वासावर मासाही येतो, त्यामुळे वास कमी करून खेकडे टाळण्याचा विचार सोडून द्यावा. आपल्या हाती दोनच गोष्टी उरतात : आमिष तळापासून उचलणे आणि ते पाण्यात किती वेळ राहू द्यायचे हे ठरवणे.

यांपैकी दुसऱ्या गोष्टीला मी अधिक महत्त्व देतो, आणि दुर्दैवाने तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. पहिले आमिष पाच मिनिटांनी काढून पाहावे. ते शाबूत असेल तर पुढच्या वेळी आठ मिनिटे, मग बारा मिनिटे ठेवावे. ज्या वेळेला ते अर्धे खाल्लेले दिसेल, तिच्या थोडे अलीकडे थांबावे आणि त्या दिवसापुरते तेच माप धरावे. भरती चढली, अंधार झाला किंवा जागा बदलली की माप पुन्हा काढावे. रिकामा गळ अर्धा तास पाण्यात ठेवून माशाची वाट पाहण्यात जितका वेळ फुकट जातो, तितका दुसऱ्या कशातही जात नाही.

आमिष टिकाऊ असले की हे माप लांबते. मऊ किडे, शिंपल्यातील मांस किंवा सोललेली कोळंबी लवकर संपते. माकुलाची (स्क्विडची) पट्टी चिवट असल्याने बरीच टिकते. मऊ आमिषच वापरायचे असेल, तर ते माकुलाच्या पट्टीत गुंडाळून वरून बारीक लवचीक धाग्याचे दहा-बारा वेढे द्यावेत, मात्र गळाचे टोक उघडे राहील याची काळजी घ्यावी. काढलेला धागा वाळूत टाकू नये. तो कुजत नाही आणि पक्ष्यांच्या पायांत अडकतो.

जागेचाही विचार करावा. खडक, शेवाळ आणि धक्क्याचे खांब येथे खेकड्यांना आडोसा मिळतो, म्हणून तेथून काही अंतर राखून मोकळ्या वाळूवर आमिष टाकल्यास बहुधा फरक जाणवतो. काही जण खेकड्यांना गुंतवून ठेवण्यासाठी बाजूला माशांची घाण टाकतात. मी तसे करू नका असे सांगेन, कारण त्या वासाने लांबचे खेकडेही जवळ येतात.

प्रश्न : गळाजवळ तरंगणारा मणी लावून पाहिला, तरी आमिष खाल्ले जाते. मण्याचा उपयोग होत नाही का?

उत्तर : होतो, पण मणी आमिषाचे वजन पेलत असेल तरच. टाकण्यापूर्वी गळ, मणी आणि लावलेले आमिष असे सगळे एकत्र बादलीभर समुद्राच्या पाण्यात सोडून पाहावे. ते सावकाश वर आले पाहिजे. बुडाले तर मणी मोठा घ्यावा किंवा आमिष लहान करावे. मणी गळाला लागूनच असावा. दोरीच्या मध्यावर बसवला तर मणी वर उचलला जातो आणि आमिष खाली लोंबून पुन्हा तळाला टेकते.

दुसरे कारण प्रवाह. स्थिर पाण्यात 40 सेंटिमीटरची उपदोरी (मुख्य दोरीला जोडलेला, गळापर्यंतचा तुकडा) आमिषाला जवळजवळ तितकेच वर नेते, पण प्रवाह जोराचा असला की ती आडवी होते आणि आमिष तळाच्या जवळ येते. उंच धक्क्यावरून किंवा खडकावरून गरवत असाल, तर मण्यावाचूनही सोय होते : शिसे सर्वांत खाली आणि गळ त्याच्या वर हातभर अंतरावर बांधून दोरी ताणून ठेवावी. सपाट किनाऱ्यावरून लांब टाकलेली दोरी पाण्यात तिरपी असते, त्यामुळे तिथे हीच बांधणी गळ फारसा वर ठेवू शकत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या खेकड्यांची शेवटची पायांची जोडी वल्ह्यासारखी चपटी असते, ते उत्तम पोहतात आणि तरंगत्या आमिषापर्यंतही पोहोचतात. आपल्या गळाला असे खेकडे लागत असतील, तर मण्यावर विसंबू नये, घड्याळावर विसंबावे. तळाला चिकटून राहणारे चपटे मासे हवे असतील, तर उपदोरी आखूड ठेवून आमिष वीतभरच उचलावे, कारण त्याहून वर गेलेले आमिष त्यांच्या वाटेत येत नाही.

प्रश्न : गळाला धरून वर आलेला खेकडा कसा सोडवावा?

उत्तर : ओढू नये. ओढल्यास तो अधिक घट्ट धरतो आणि कधी डेंगाच तुटतो. ओल्या वाळूवर ठेवून दोरी ढिली सोडली, तर बहुतेक वेळा तो आपणहून सोडतो. गळ रुतला असल्यास मागच्या बाजूने, पाठीच्या कवचाच्या दोन्ही कडांना अंगठा आणि बोट लावून धरावे. तेथे सहसा डेंगे पोहोचत नाहीत. मग चिमट्याने गळ काढून त्याला पाण्यात सोडावे, मात्र आपण गरवत असलेल्या जागेपासून पुष्कळ दूर, आणि प्रवाह जिकडून येतो त्या अंगाला. तिकडे आपल्या आमिषाचा वास पोहोचत नाही.