सडपातळ, चपळ कुत्र्याला कच्चे मांस किती द्यावे?

रोज वेताळ टेकडीवर धावणाऱ्या आपल्या २० किलोच्या कारवान (मुळातच सडपातळ शिकारी जात) कुत्र्याला कच्चा आहार किती द्यावा, असे आपण विचारले आहे. प्रौढ कुत्र्याला साधारणतः वजनाच्या २ ते ३ टक्के आहार पुरतो. त्याची धावपळ पाहता ३ टक्क्यांपासून, म्हणजे दिवसाला ६०० ग्रॅमपासून, सुरुवात करून तो दोन वेळांत विभागून द्यावा. कारवानच्या एक-दोन बरगड्या दिसणे स्वाभाविकच आहे, त्यामुळे केवळ त्या पाहून आहार वाढवू नये. मात्र मणके व कमरेची हाडे टोकदार जाणवू लागली, तर ६० ग्रॅम वाढवून दोन आठवड्यांनी पुन्हा वजन करावे. नुसते मांस देऊ नये, कारण त्यात कॅल्शियम फारच कमी असते. भरपूर खाऊनही वजन घटत असेल, तर आधी पशुवैद्यांकडून जंतांची तपासणी करून घ्यावी.