स्कॉटलंडच्या दूरच्या बेटावर वयस्कर, शाकाहारी आई-वडिलांना घेऊन आठवडाभर घरगुती कॉटेजमध्ये राहणं जमेल का, की हॉटेल बरं?

जमतं. आई-वडील सोबत असतील तर कॉटेजच घ्या. बेटांवर हॉटेलं मोजकी, जेवण बहुतेक मासे-मटणाचं, आणि रात्रीची जेवायची वेळ टळली की आसपास दुसरं काही मिळत नाही. घरात स्वतःची शेगडी असते, कुकर आपण नेतोच.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीमुळे. "भाऊ म्हणतो, पैसे मोजून भांडी आपणच घासायची तर ती सुट्टी कसली?" हेच वाक्य आमच्या दाजींनी मला ऐकवलंय आणि अजूनही प्रत्येक लग्नकार्यात ऐकवतात.

आम्ही ग्लासगोला असतो. मे महिन्याच्या सुरुवातीला आई-अण्णा देवगडहून आले होते, ताई-दाजी पुण्याहून. मी स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या नॉर्थ उइस्ट बेटावर शनिवार ते शनिवार घर घेतलं होतं. गाडीने स्काय बेटाच्या उत्तरेला उइगपर्यंत जायचं, तिथून पावणेदोन तास फेरीबोटीने लॉकमॅडी, म्हणजे नॉर्थ उइस्टचं बंदर. दाजींना लॉक नेस, किल्ले, एडिंबरा असं सगळं त्याच आठवड्यात हवं होतं. "तिथे बघायला आहे काय?" हा त्यांचा प्रश्न फेरीतही चालूच होता.

घर एका शेतकरी कुटुंबाचं. वाडवडिलांचं जुनं घर नीट करून ते पाहुण्यांना देतात आणि स्वतः पलीकडच्या घरात राहतात. मालकीणबाईंनी ओट्यावर अंडी आणि शेगडीपाशी पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापलेल्या जळाऊ मातीच्या, वाळलेल्या विटा ठेवल्या होत्या. त्यांचे सासरे सत्तरीच्या पुढचे. दुसऱ्या दिवशी अण्णा फिरायला म्हणून बाहेर पडले ते त्या आजोबांच्या शेताच्या बांधावर उभे राहिले. समुद्राकाठची शिंपल्यांच्या वाळूची जमीन, कडेला समुद्रातून वाहून आलेल्या शेवाळाचे ढीग. ते शेवाळ तिथे खत म्हणून पसरतात आणि मग ओट, राय आणि बेअर नावाचं जुन्या वाणाचं सातू पेरतात. अण्णांना इंग्रजी येत नाही. त्यांनी मला हाक मारली, म्हणाले, "ह्यांना सांग, आम्ही माडांना मासळीचं खत घालतो."

तिथून जे सुरू झालं ते आठवडाभर चाललं. मी मधे दुभाषा. आजोबांनी सांगितलं की त्यांच्या पणजोबांच्या वेळी जमीनदार माणसं हुसकून तिथे मेंढ्या घालत. पुढे 1886 च्या कायद्याने कसणाऱ्याला जमिनीवरून काढता येईना आणि ती वारसांकडे जायला लागली. अण्णा एकदम सरळ होऊन बसले. आमची देवगडची जमीन कुळकायद्यात मिळालेली. माझ्या आजोबांनी त्यासाठी मामलेदार कचेरीत किती खेटे घातले, हे अण्णांनी त्या माणसाला सांगितलं. मला त्यातलं निम्मं ठाऊक नव्हतं. हॉटेलच्या लॉबीत हे घडलं असतं का, हे दाजींनी सांगावं.

मग शनिवारी वारा सुटला आणि फेरी रद्द. दाजी भडकले, कारण त्या रात्रीचं एडिंबराचं हॉटेल त्यांनी घेतलं होतं. मालकीणबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, तुम्ही निघू शकत नाही तसे पुढचे पाहुणेही येऊ शकत नाहीत, घर रिकामंच आहे, राहा. पैसे दिले तर घेईनात. एडिंबराच्या हॉटेलने मात्र रात्रीचे पूर्ण पैसे कापले. यावर दाजींचं आजवर उत्तर नाही.

भांड्यांचं म्हणाल तर ती मी आणि दाजींनीच घासली. आईने आयुष्यात पहिल्यांदा आठवडाभर सिंकला हात लावला नाही. तुमच्या भावालाही हेच सांगा.

आता काही गोष्टी, ज्या आधी लिहायला हव्या होत्या. फेरीत गाडीची जागा आधी बघा, मग घर घ्या. उन्हाळ्यात गाड्यांच्या जागा लवकर भरतात. परतीच्या विमानाआधी निदान एक मोकळा दिवस ठेवा. घराच्या जाहिरातीत पाहुण्यांना घर भाड्याने देण्याचा परवाना क्रमांक आहे का पाहा, ऑक्टोबर 2023 पासून तो लागतो. डाळ, तांदूळ, मसाले ग्लासगोहून न्या. दुकानं आहेत, पण लांब आणि छोटी. रविवारी बेट शांत असतं, त्या दिवशीची तयारी शनिवारी करा. हॉस्पिटल शेजारच्या बेनबेक्युला बेटावर आहे आणि तिथवर रस्त्याने जाता येतं. तरी आई-वडिलांना हृदयाचा वगैरे त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका. नळाचं पाणी पीटमुळे पिवळट दिसू शकतं, त्याबद्दल घरमालकांना विचारा. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका, बाहेर सेप्टिक टाकी असते. आणि फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. 2022 पासून तिथल्या घरांत धुराचे अलार्म एकमेकांना जोडलेले असतात, एक वाजला की सगळे वाजतात. माळावरची फुलं हवी असतील तर जून-जुलै. पण तेव्हा मिजेस नावाच्या बारीक माश्या चावून हैराण करतात, वारा पडला की जास्तच.

हॉटेलही वाईट नाही. कुणाला गुडघ्यांमुळे उभं राहून काम होत नसेल आणि मदतीला कोणी नसेल, तर हॉटेल घ्या. पण घरात दोन धडधाकट पुरुष असताना "भांडी कोण घासणार" हे कारण मी तरी मानत नाही.