एमआरआयमध्ये गाठ दिसतेय, मग मेंदूची बायोप्सी कशाला? सुई लागली की आजार पसरतो का?

तुम्ही लिहिलंय की आईंच्या मेंदूत उजव्या बाजूला खोलवर गाठ आहे, सर्जननी सुईची बायोप्सी (तपासणीसाठी गाठीचा छोटा तुकडा काढणं) सांगितली आहे, आणि घरात सगळे म्हणताहेत की सुई लागली की कॅन्सर पसरतो. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. असे तुकडे मायक्रोस्कोपखाली बघणं हे माझं रोजचं काम, म्हणून त्या बाजूने सांगते.

आधी भीतीबद्दल. सुईच्या वाटेने मेंदूतली गाठ पसरल्याच्या नोंदी अगदी तुरळक आहेत. त्या भीतीपोटी बायोप्सी नाकारू नका. खरा धोका रक्तस्रावाचा. सुईच्या टोकाशी थोडं रक्त साकळलेलं नंतरच्या सीटीत बऱ्याचदा दिसतं, पण त्याचा त्रास शंभरात मोजक्याच रुग्णांना होतो. जीव जाण्याचा धोका साधारण शंभरात एक. हा आकडा लहान नाही, म्हणून सर्जनना थेट विचारा की आईंच्या गाठीच्या जागेत तो किती आहे. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर आजच सांगा, पण स्वतःहून बंद करू नका.

आता मुख्य प्रश्न. एमआरआयवरून गाठ कुठे आहे, केवढी आहे, भोवती सूज किती आहे हे उत्तम कळतं. ती कशाची आहे, हे मात्र प्रत्येक वेळी कळत नाही. काँट्रास्ट (चित्र उजळवणारं, शिरेतून देतात ते औषध) दिल्यावर कडेने चमकणारी गाठ आपल्याकडे टीबीची असू शकते, न्यूरोसिस्टिसर्कोसिसची (मेंदूत शिरलेल्या फीतकृमीच्या अळ्यांची), पुवाची, फुफ्फुसातून आलेल्या कॅन्सरची किंवा ग्लायोब्लास्टोमाची, म्हणजे मेंदूतच उगवणाऱ्या कॅन्सरची. उपचार मात्र एकमेकांशी जुळतच नाहीत. टीबीला महिनोन् महिने गोळ्या. लिम्फोमाला, म्हणजे लसिका पेशींच्या कॅन्सरला, मेथोट्रेक्सेटची केमो, तिथे गाठ कापून काढण्याच्या मागे सहसा लागत नाहीत. ग्लायोब्लास्टोमा जमेल तेवढा काढून रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी. चुकीच्या दिशेने गेलेले दोन महिने पुन्हा मिळत नाहीत, आणि मला या सगळ्यात सर्वात जास्त काळजी त्याचीच वाटते.

खोल गाठीसाठी करतात ती स्टिरिओटॅक्टिक बायोप्सी, म्हणजे डोक्याला फ्रेम बसवून, गाठीची नेमकी जागा मोजून सुई घालणं. माणसाच्या मेंदूसाठी अशी फ्रेम 1947 मध्ये अमेरिकेत स्पीगल आणि वायसिस यांनी पहिल्यांदा वापरली. डोक्याची कातडी बधिर करून फ्रेम चार पिनांनी कवटीला पक्की करतात, फ्रेमसकट सीटी काढतात, तो आधीच्या एमआरआयशी जुळवतात आणि गाठीची जागा तीन आकड्यांत काढतात. हल्ली बऱ्याच ठिकाणी फ्रेमऐवजी नेव्हिगेशन, म्हणजे कॉम्प्युटरवर स्कॅन बघत सुईला वाट दाखवणारी यंत्रणा, वापरतात. मग कवटीला छोटं भोक पाडून बाजूला खिडकी असलेली बारीक सुई आत जाते. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, त्यामुळे रुग्ण जागा असतानाही हे करता येतं.

सुईतून येणारा तुकडा शेवयाच्या तुकड्याएवढा असतो. त्यातला कणभर भाग आम्ही काचेवर ठेवतो, वर दुसरी काच दाबतो आणि ओढतो. लगेच अल्कोहोलमध्ये बुडवून रंग दिला की काही मिनिटांत बघता येतं. लिम्फोमाच्या पेशी सुट्या सुट्या पसरतात. ग्लायोमाच्या (ग्लायोब्लास्टोमा याच गटातला) पेशी बारीक तंतूंच्या जाळ्यात अडकलेल्या दिसतात. दुसरीकडून आलेल्या कॅन्सरचे ठसठशीत पुंजके असतात. आणि कधी फक्त सुजलेला मेंदू किंवा मेलेला गाभा दिसतो. तेव्हा आम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये कळवतो की सुई गाठीच्या जिवंत भागात पोचलेली नाही, आणखी एक नमुना घ्या. म्हणून विचारा: तुकडा ऑपरेशन चालू असतानाच तपासणार आहेत ना?

दुसरं विचारायचं ते स्टिरॉइडबद्दल. सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोन देतात आणि रुग्णाला दोन दिवसांत बरं वाटतं. पण गाठ लिम्फोमाची असेल तर या औषधाने तिच्या पेशी विरघळल्यासारख्या नाहीशा होतात आणि आमच्या हाती निदान न होणारा तुकडा येतो. लिम्फोमाची शंका असेल आणि प्रकृती तातडीची नसेल तर बरेच डॉक्टर बायोप्सीपर्यंत थांबतात. आईंना ते सुरू झालं असेल तर काय करायचं हे सर्जनच ठरवतील. मनाने अचानक थांबवणं धोक्याचं आहे.

बायोप्सी प्रत्येक आजारात लागते असंही नाही. नागिणीच्या जातभाई हर्पिस विषाणूच्या मेंदूज्वरात एकेकाळी मेंदूचा तुकडा घेत, आता पाठीच्या पाण्यात विषाणूची जनुकं शोधणाऱ्या पीसीआर चाचणीवर भागतं. अँटिबॉडीमुळे होणारे मेंदूज्वर रक्त आणि पाणी तपासून कळतात. आईंच्या छातीच्या सीटीत गाठ किंवा मानेत कडक गोळा सापडला, तर नमुना तिथूनही घेता येईल. हे तपासलंय का, तेही विचारा. उलट मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या दाहाची शंका असेल तर सुई पुरत नाही. कवटीची छोटी खिडकी उघडून आवरण आणि मेंदू दोन्हींचा तुकडा घ्यावा लागतो, आणि दाह ठिकठिकाणी विखुरलेला असल्यामुळे तोही कधी चुकतो.

एक बारीक गोष्ट, जी ऐन वेळी निसटते. सगळा नमुना फॉर्मेलिनमध्ये गेला तर जंतू मरतात आणि कल्चर (जंतू वाढवून ओळखणं) होत नाही. टीबी किंवा पुवाची शंका असेल तर एक तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा, थेट मायक्रोबायोलॉजीला जायला हवा. आदल्या दिवशीच निवासी डॉक्टरांना याची आठवण करून द्या.

पहिला रिपोर्ट काही दिवसांत मिळेल. ग्लायोमा निघाला तर आयडीएच, एमजीएमटी यांसारख्या जनुकीय चाचण्यांना आणखी वेळ लागतो, आणि उपचार ठरवताना त्यांचा मोठा वाटा असतो. टाटा मेमोरिअल किंवा दुसऱ्या मोठ्या केंद्रात मत घ्यायचं असेल तर नुसत्या रिपोर्टवर भागत नाही. पॅथॉलॉजी विभागात अर्ज करून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (ज्यात तुकडा जपून ठेवलेला असतो) दोन्ही मागून घ्या.