कबुतरखान्याच्या भिंतीवरची पट्टी

प्रश्न : स्कॉटलंडमधल्या एका जुन्या हवेलीच्या आवारात दगडी कबुतरखाना पाहिला. भिंतीभोवती बाहेर आलेली दगडी पट्टी कशासाठी? तो आपल्या दादरसारखाच का? – एक वाचक, मुंबई

उत्तर : नाही. दादरला पुण्य म्हणून दाणे टाकत. स्कॉटलंडमध्ये पिल्लं मांसासाठी वाढवत. १६१७च्या कायद्याने तर ठरावीक उत्पन्नाच्या जमीनदारालाच तो बांधता येई.

पट्टी उंदरांसाठी. भिंत चढणारा उंदीर पुढे आलेल्या दगडाखाली अडतो. एक दगड निखळला तरी वाट मोकळी, म्हणून दुरुस्ती आधी तिचीच. सांधे चुन्यानेच भरावेत. सिमेंटने ओल दगडात कोंडते, पापुद्रे सुटतात. एकपाखी छपराचा उतार बहुधा दक्षिणेला, उंच पाठभिंत उत्तरेला: ऊन मिळतं, वारा अडतो. आत भिंतभर घरट्यांचे खण. काही ठिकाणी मधल्या खांबाला फिरती शिडी असते; खाली न उतरता खणामागून खण तपासता येतो. फार सुंदर सोय!