नळ बदलता येतो, भिंतीतला पाइप नाही

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्तीनंतर ठाण्याहून रत्नागिरीला राहायला येतोय. मांडवीच्या बाजूला नवा फ्लॅट घेतलाय, गॅलरीतून समुद्र दिसतो. पुढच्या महिन्यात ताबा आहे. नळ, गीझर, स्वयंपाकघरातली कपाटं, चिमणी सगळं बिल्डरच देतोय आणि ‘सगळं ब्रँडेड आहे’ म्हणतोय. मुलगा म्हणतो, बिल्डरचा माल म्हणजे भंगार, आल्या आल्या काढून टाका. आमच्या ह्यांना ते पटत नाही. खरंखोटं ओळखायचं कसं? लोहचुंबक लावून बघा, असंही एकांनी सुचवलंय.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, मुलाचंही लगेच ऐकू नका आणि बिल्डरचंही. आमचं हार्डवेअरचं दुकान सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. बिल्डरची यादीही माझ्याच गल्ल्यावर येते आणि स्वतःचं घर बांधणाऱ्याचीही. दोन्हींत कंपनीचं नाव पुष्कळदा तेच असतं, पण माल तोच नसतो. एकाच कंपनीचा साधा नळही असतो आणि त्याच्या चौपट किमतीचाही. तेव्हा ‘ब्रँडेड’ ऐकून मान डोलावू नका, मॉडेल नंबर मागा. आणि आधी करारनामा काढून बसा. महारेराच्या (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) नमुना करारात फिटिंग्जची यादी परिशिष्ट म्हणून जोडायची असते, ब्रँडसकट, आणि ब्रँड नसेल तर किमतीच्या पट्ट्यासकट. त्या पानावर जे छापलंय तेवढंच तुम्हाला हक्काने मागता येईल. सॅम्पल फ्लॅटमध्ये काय चमकत होतं ते विसरा.

आता भांडायचं कशासाठी? माझा हिशेब सरळ आहे. नळ, शॉवर, चिमणी, दाराच्या कड्या या भिंतीबाहेरच्या गोष्टी. खराब निघाल्या तर आमच्याकडे या, अर्ध्या दिवसात बदलून होतील. त्यांच्यासाठी ताब्याच्या दिवशी तोंड वाजवण्यात अर्थ नाही. भिंतीत गेलेल्या गोष्टींसाठी मात्र हटून बसा : पाइप, वायर, शॉवरचा डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे हे वळवणारा खटका), भिंतीत बसवलेली फ्लशची टाकी. डायव्हर्टरची बाहेरची चकती त्याच कंपनीच्या आतल्या बॉडीवर बसते. उद्या दुसरी आवडली म्हणून आणलीत तर टाइल्स फोडाव्या लागतील. म्हणून आत काय बसवलंय त्याचं नाव आणि नंबर आजच लिहून घ्या, आणि त्याचं कार्ट्रिज (आतला पाणी सोडणारा-अडवणारा सुटा भाग) रत्नागिरीत मिळतं का ते चौकशी करून ठेवा. सुट्या भागासाठी मुंबईहून येणाऱ्या पार्सलची वाट बघणारी गिऱ्हाइकं मला रोज भेटतात.

पाइपसाठी डक्टची, म्हणजे पाइप वर-खाली नेणाऱ्या पोकळीची, खिडकी उघडून आत टॉर्च मारा. सीपीव्हीसीवर (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपवर) आयएस १५७७८ आणि आयएसआयचा शिक्का छापलेला दिसला पाहिजे. पण त्याहून जास्त बघायचे ते क्लॅम्प. पाइप उत्तम आणि क्लॅम्प साध्या लोखंडाचे, हे मी फार बघते. खाऱ्या वाऱ्यात ते आधी जातात, मग पाइप लोंबतो आणि जोड सुटतो.

विजेसाठी स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊ नका, ओळखीचा वायरमन न्या. मेन बंद करून एखादा बोर्ड उघडला की वायरीवरचा आकडा वाचता येतो. गीझरच्या पॉइंटला २.५ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक वायर दिसली तर तिथेच काम थांबवायला सांगा, एसीला ४ असलेली बरी. मग वीज चालू करून डीबीतल्या (मुख्य खटक्यांच्या पेटीतल्या) आरसीसीबीचं, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या खटक्याचं, ‘टी’ लिहिलेलं बटण दाबा. खटकन वीज गेली पाहिजे. बटणाखाली ३० मिलीअँपिअर लिहिलेलं असावं. ओलसर भिंतींच्या आपल्या मुलखात हा खटका चिमणीपेक्षा मोलाचा, आणि बिल्डरच्या जाहिरातीत तो कधीच नसतो.

लोहचुंबकाचं म्हणाल, तर तो अर्धवट साक्षीदार आहे. चिकटला तर लोखंड किंवा हलकं स्टील, एवढं कळतं. नाही चिकटला म्हणजे माल उत्तम असं मात्र नाही. २०२ नंबरचं स्टीलही चुंबकाला धरत नाही आणि ३०४ही नाही, पण समुद्राजवळ २०२ वर तांबूस डाग लवकर उठतात. ३०४ सुद्धा पुसत राहावं लागतं. मॉलिब्डेनम असलेलं ३१६ खाऱ्या हवेला सगळ्यांत चांगलं टिकतं, पण ते बिल्डर देणार नाही. उलट ३०४ चं चांगलं सिंक कोपऱ्यात, जिथे पत्रा दाबून वाकवलेला असतो, तिथे चुंबकाला थोडं धरतं. तेवढ्यावरून त्याला नावं ठेवू नका. पितळेचा नळ आणि जस्ताच्या मिश्रधातूचा नळ, दोघेही चुंबकाला दाद देत नाहीत. त्यापेक्षा नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा आणि आत बघा. पिवळं दिसलं तर पितळ, करडं दिसलं तर समजून जा. क्रोम चढवलेलं प्लास्टिक हातात घेतलं की हलकं लागतं.

तुमच्या फ्लॅटला समुद्र दिसतो, म्हणजे समुद्रालाही तुमचा फ्लॅट दिसतो. खिडक्यांचे आणि बिजागऱ्यांचे स्क्रू बघा. अॅल्युमिनियमच्या खिडकीत साधा लोखंडी स्क्रू ठोकला असेल तर तो स्वतः गंजतोच, शिवाय भोवतालचं अॅल्युमिनियमही पांढरं पडून झिजतं. खिडकीच्या खालच्या रुळात तांब्याभर पाणी ओता. ते बाहेर निघून गेलं तर ठीक. आत झिरपलं किंवा तुंबून राहिलं, तर आषाढातला आडवा पाऊस हॉलमध्ये येणार हे धरून चाला. जमलं तर भर पावसात एक फेरी माराच.

स्वयंपाकघरात खाली वाका आणि सिंकखालच्या कपाटाची तळाची कड बघा. वरून लॅमिनेट सगळ्यांचंच छान दिसतं. कडेला भुसा दाबल्यासारखं दिसलं तर तो पार्टिकल बोर्ड. एका पावसाळ्यात फुगेल. तिथे आयएस ७१० चा, म्हणजे पाणी सोसणारा, प्लायवूड हवा. सगळी कपाटं बदलून मिळणार नाहीत, पण सिंकखालचं तेवढं पदरात पाडून घ्या.

जे खटकेल त्याचे फोटो काढून बिल्डरला लेखी कळवा आणि पोच घ्या. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने ३० दिवसांत तो फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. तोंडी सांगितलेलं कुठेच टिकत नाही.

प्रश्न : गुहागरला नवं घर घेतलं. बिल्डरने बसवलेला गीझर टाकीतूनच गळतोय. कंपनी बिल मागते, बिल्डर उद्या देतो म्हणतो. — एक वाचक, गुहागर

उत्तर : उद्या कधी येत नाही, आजच लेखी मागा. बिल बिल्डरच्या नावावर असणार आणि वॉरंटी बहुधा त्याच तारखेपासून धावते, तुम्ही राहायला आलात तेव्हापासून नव्हे. टाकीला वेल्डिंग मारून देतो म्हणणारा भेटेल, त्याला चहा पाजून वाटेला लावा. नवा गीझर घेताना अॅनोड रॉड आहे का विचारा. टाकी खाण्याऐवजी पाणी आधी तो रॉड खातं. बोअरचं पाणी मचूळ असेल तर वर्षातून एकदा तो उघडून बघायला सांगा, आणि करंगळीएवढा उरला असेल तर बदला.