बेळगावहून बेंगळूरच्या वंडरला रिसॉर्टला जातोय, दोन मोठे आणि दोन लहान मुलं, खाण्यापिण्याचा खर्च किती धरावा?

आम्ही दोन वर्षांमागं मे महिन्यात जाऊन आलोय, आई पण सोबत होती. आकडा पाहिजे असेल तर वंडरलाच्या अम्युझमेंट पार्कातल्या एका दिवसाला चौघांचे दोन हजार वेगळे काढून ठेवा. उरले तर चांगलंच, पण आत गेल्यावर पोरांना प्रत्येक गोष्टीला नको म्हणायची वेळ येऊ नये.

बुकिंग करायच्या आधी फोन करून विचारा की रूममध्ये नुसता नाश्ता आहे का रात्रीचं जेवण पण. हॉटेलवाले सीपी, एमएपी म्हणतात, सीपी म्हणजे रूम आणि नाश्ता, एमएपीत अजून एक जेवण येतं. पोरं लहान असतील तर मी एमएपी घेऊ नका म्हणेन. एकदा दुसऱ्या एका रिसॉर्टात आम्ही रात्रीच्या बुफेचे माणशी पैसे आधीच भरले होते, दिवसभर पाण्यात खेळून पोरं इतकी दमली की धाकट्यानं दोन चमचे भात आणि एक गुलाबजाम खाल्ला आणि टेबलावरच झोपला, त्याचे अर्धे पैसे लागले ते लागलेच. त्यापेक्षा एक फ्राइड राइस, एक दहीभात मागवून वाटून खावा, पोरांचं त्यात भागतं.

बिल नीट वाचा. ज्या हॉटेलात रूमचं भाडं दिवसाला 7500 च्या वर जातं तिथं जेवणावर जीएसटी 18 टक्के लागतो, नाहीतर 5. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर काढायला सांगा, तो सक्तीचा नाही, दिल्ली हायकोर्टानं मार्च 2025 ला तेच सांगितलंय. पाण्याच्या बाटलीचं मात्र वेगळं आहे, हॉटेलात टेबलावर बसून मागवली तर एमआरपीपेक्षा जास्त घेता येतात, सुप्रीम कोर्टाचा 2017 चा निकाल आहे. म्हणून घरातनं रिकाम्या बाटल्या न्या आणि पिण्याच्या पाण्याचा नळ दिसेल तिथं भरून घ्या.

बाहेरचं खाणं बहुतेक पार्कात आत सोडत नाहीत, त्यामुळं गेटच्या आधी पोट भरणं हेच खरं. आणि इथं तुमचं नशीब चांगलं आहे कारण पार्क बिडदीला आहे, म्हैसूर रोडवर, आणि बिडदीची तट्टे इडली म्हणजे काय सांगू! तट्टे म्हणजे ताट हे तुम्हाला सांगायला नको, ताटलीएवढी चपटी मऊ इडली, वर लोणी, सोबत चटणी. आईला बाहेरचं फारसं चालत नाही, तिनं पण दोन खाल्ल्या आणि दुपारपर्यंत काही मागितलं नाही. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून सकाळी बेंगळूरला उतरलात तर स्टेशनवर काही खाऊ नका, पोरांना बिस्किटावर थांबवा आणि थेट बिडदीला जाऊन खावा.

गाडीत रात्रीसाठी चपात्या, शेंगाचटणी आणि भडंग घ्या. भडंग थोडं जास्तच घ्या, रिसॉर्टच्या रूमवर संध्याकाळी पाण्यातनं आल्यावर पोरं जी भुकेली होतात तेव्हा रूम सर्व्हिसचा फोन उचलायच्या आधी ते पुढं करता येतं. आमचं पहिल्याच संध्याकाळी संपलं होतं.