जुन्या भिंतीला सिमेंट का सोसत नाही?

प्रश्न : जुन्या रस्त्यालगतचं आमचं घर विटा-चुन्याचं आहे. दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, तर आता खालच्या तीन फुटांत ओल येते, पोपडे पडतात. पुन्हा सिमेंटच लावावं का?

उत्तर : नको, कृपा करून नको! अशा भिंतींच्या जोत्यात ओल अडवणारा थर बहुधा नसतो. जमिनीतलं पाणी विटांमधून वर चढतं आणि चुन्यातून हळूहळू उडून जातं. सिमेंटने ती वाटच बुजवली. पाणी आत कोंडतं, त्यातल्या क्षारांचे स्फटिक होतात आणि ते गिलावा आतून ढकलतात. पोपड्यामागे बोट फिरवा, पांढरी भुकटी लागेल. असं सिमेंट मी पहिल्यांदा उतरवलं, तेव्हा आतली वीट नखाने उकरली जात होती. फार वाईट वाटलं होतं. पोर्टलँड सिमेंटचं, म्हणजे आज आपण वापरतो त्या नेहमीच्या सिमेंटचं, पेटंटच मुळी १८२४ सालचं. त्याआधीच्या कितीतरी इमारती चुन्यावरच उभ्या आहेत.

आधी रस्ता बघा. थरावर थर चढून तो जोत्याच्या वर आला असेल, तर पाणी भिंतीकडेच वळतं. ते आधी थांबवा. मग सिमेंट छिन्नीने अलगद काढा, भिंत सुकू द्या (महिने लागतील), आणि चुन्याचाच गिलावा करा. वर प्लास्टिक पेंट लावलात तर सगळी मेहनत वाया.